आधी पाणी, मग रंग

कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. डोक्यावर थेट गच्ची. एका पावसाळ्यानंतर हॉलच्या छताला ताटाएवढा डाग पडला. मध्ये फिकट, कडेला गडद तपकिरी. दिवाळी तोंडावर आली होती. पेंटर म्हणाले, "काका, दोन हात मारले की दिसणारसुद्धा नाही." दोन हात मारून झाले आणि पाडव्यापर्यंत तीच तपकिरी कडा नव्या पांढऱ्या रंगातून वर आली. तिसऱ्या हातानंतरही आली.

असं का होतं, ते समजून घ्यायला हवं. स्लॅबमधून झिरपणारं पाणी सिमेंटमधले क्षार, गच्चीवरचा मळ, कधी सळईचा गंज सोबत आणतं. पाणी उडून जातं आणि हे सगळं कडेला साचतं. डिस्टेंपर काय, प्लास्टिक इमल्शन काय, दोन्ही पाण्यात कालवलेले रंग. त्यातलं पाणी डागाला पुन्हा विरघळवतं आणि वाळता वाळता वर ओढून आणतं. म्हणून या रंगाचे हात वाढवून डाग जात नाही.

पहिलं काम पाण्याचा माग काढायचं. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. रेघेबाहेर डाग सरकला, तर गळती चालू आहे. फक्त पावसाळ्यात वाढत असेल तर गच्ची तपासा. बारा महिने ओल असेल तर वरच्यांचं बाथरूम किंवा पाइप. बाथरूमचा संशय असेल तर वरच्यांना विनंती करून नहाणीचं तोंड बंद करा, फरशीवर दिवसभर पाणी साठवून ठेवा आणि खाली लक्ष ठेवा. डाग पंख्याच्या किंवा दिव्याच्या पॉइंटजवळ असेल, तर तो पॉइंट मेन स्विचपासून बंद करून आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

खर्चावरून शेजाऱ्याशी भांडण नको. गच्चीतून येणारं पावसाचं पाणी सोसायटीने बंद करायचं आणि संडास-बाथरूममधली अंतर्गत गळती त्या सभासदाने, असं गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दिलेलं आहे. कमिटीला लेखी अर्ज द्या, सोबत तारीख घातलेले फोटो जोडा. आमच्याकडे कठड्याच्या कडेने केलेला सिमेंटचा गोलवा तडकला होता. जूनच्या आत तो नव्याने करून घेतला आणि पुढचा अख्खा पावसाळा डाग पेन्सिलीच्या रेघेआतच राहिला.

गळती थांबली तरी स्लॅब लगेच वाळत नाही. पुण्याचा वर्षाचा साधारण ७०० मिलिमीटर पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि गच्चीवरच्या विटांच्या कोब्यात मुरलेलं पाणी पुढे कितीतरी दिवस खाली उतरत राहतं. आपण रंग काढतो नेमका तेव्हा, दिवाळीआधी. छतासाठी खरा हंगाम होळीनंतरचा. वाळलंय की नाही हे बघायला प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चारी बाजूंनी टेप लावून छताला चिकटवा. दोन दिवसांनी त्याच्या आतल्या बाजूला थेंब दिसले, तर थांबा.

मग रंगकामाचा क्रम असा. पोपडे आणि फुगलेली पुट्टी पत्र्याने खरवडून घट्ट प्लास्टरपर्यंत जा. पांढरे क्षार कोरड्या ब्रशनेच झाडा. पाण्याने धुतले तर ते पुन्हा आत मुरतात. काळी बुरशी असेल तर मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवून ती पातळ केलेल्या ब्लीचने पुसा आणि जागा पूर्ण वाळू द्या. त्यानंतर डागावर आणि त्याच्या भोवती वीतभर ऑइल बेस प्रायमर लावा. हा थिनरमध्ये पातळ होतो, म्हणून पाण्यात विरघळणारा डाग त्यातून सहसा वर येत नाही. एक रात्र जाऊ द्या; पिवळसर झाक दिसली तर दुसरा हात द्या. मग पुट्टी, पॉलिश पेपर, साधा प्रायमर आणि शेवटी रंग, तोही पूर्ण छताला, नाहीतर ठिगळ दिसतं. ओल्या स्लॅबवर मात्र हा ऑइल प्रायमर लावूच नका. आत कोंडलेलं पाणी फुगे आणतं.

एक खूण दिसली तर रंगाचा विचारच सोडा: सरळ रेषेत उमटलेला गंज, त्यालगत भेग आणि ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज. आतली सळई गंजून फुगली आहे आणि प्लास्टरचा तुकडा कोणाच्याही डोक्यात पडू शकतो. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. आपल्या सोसायटीचं शेवटचं कधी झालं, हे वार्षिक सभेत नक्की विचारा.

यंदाची दिवाळी डागासकट गेली तरी काही बिघडत नाही. पाणी कुठून येतंय आणि स्लॅब वाळलाय का, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत रंगाचा डबा उघडू देऊ नका.