‘इरेग्युलर’ म्हणजे नेमकं काय? अर्थ आणि वापर



हजेरीपत्रक असो की पालकसभा, ‘इरेग्युलर’ हा शब्द आपल्या तोंडात सारखा असतो. आज हे एकच विशेषण नीट समजून घेऊया.

शब्द कसा बनला?

लॅटिन भाषेत ‘रेग्युला’ म्हणजे सरळ पट्टी, आणि त्यावरूनच नियम. म्हणून ‘रेग्युलर’ म्हणजे नियमाला धरून असलेला. त्याला ‘इन’ हा नकाराचा उपसर्ग लागतो, पण पुढे ‘आर’ आला की त्याचा ‘इर’ होतो. ‘लीगल’च्या आधी तोच ‘इल’ होतो आणि ‘पॉसिबल’च्या आधी ‘इम’. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला ‘आर’ दोनदा येतो, उच्चारात मात्र एकदाच. मुलं एक ‘आर’ गाळतात, म्हणून फळ्यावर ‘इर + रेग्युलर’ असं फोडून दाखवा.

वापर कुठे कुठे?

1. आकार: सगळ्या बाजू आणि सगळे कोन समान असतील तरच बहुभुजाकृती ‘रेग्युलर’. म्हणजे चौरस रेग्युलर, पण लांबट आयत इरेग्युलर! आयतात चूक काहीच नाही, तो फक्त त्या व्याख्येत बसत नाही.

2. क्रियापदं: ‘प्ले’चं ‘प्लेड’ होतं, पण ‘गो’चं ‘वेंट’. आपल्या मराठीतही ‘बस’चं ‘बसला’ होतं, पण ‘जा’चं ‘गेला’ आणि ‘कर’चं ‘केला’. लहान मूल ‘मी करलं’ म्हणतं तेव्हा ते नियमच लावत असतं. गंमत म्हणजे इंग्रजीतली बी, हॅव, डू, से, गो ही रोजची क्रियापदं सगळी इरेग्युलरच आहेत.

3. नाडी: ठोके ठरावीक अंतराने पडत नसतील तर डॉक्टर ‘इरेग्युलर पल्स’ म्हणतात आणि लगेच कारण शोधायला लागतात.

4. हजेरी: ‘हिज अटेन्डन्स इज इरेग्युलर.’ इथे विशेषण हजेरीला लागलंय. आपण मात्र बोलताना सरळ ‘तो मुलगा इरेग्युलर आहे’ म्हणतो, आणि पालकांना ऐकू येतं, ‘तुमचं पोरगं वाया गेलंय.’

आता विचार करा. बीडकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि गाळप संपलं की परत येतात. शाळेच्या कॅलेंडरला त्यांच्या लेकरांची हजेरी इरेग्युलर. कारखान्याच्या हंगामाला मात्र ती दरवर्षी अगदी रेग्युलर! दर बाजारच्या दिवशी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहणारी मुलगीही तशीच. नियम तिथेही आहे, फक्त तो शाळेचा नाही.

मग काय करायचं?

डॉक्टरांसारखं कारण शोधायचं. शेऱ्यात नुसतं ‘अनियमित’ न लिहिता ‘नोव्हेंबर ते मार्च स्थलांतर’ किंवा ‘दर मंगळवारी गैरहजर’ असं लिहा. कारण कळलं की उपाय सुचतो. हंगामी वसतिगृह, शिक्षण हमी कार्ड, नाहीतर आईशी दोन शब्द. पालकांनीही कारण न लाजता सांगावं. आम्हाला ते कळलं तरच बुडालेला अभ्यास भरून घेता येतो.

मुलांसाठी गृहपाठ: घरातल्या 5 इरेग्युलर वस्तू शोधा आणि प्रत्येकीपुढे लिहा, ती कोणता नियम पाळत नाही?