वीज गेली, असाइनमेंट राहिली

प्रश्न : मी पाचोऱ्यात बी.एस्सी. करते. एनपीटीईएलच्या ८ आठवड्यांच्या ऑनलाइन पायथन कोर्सला नाव घातलंय. वीज गेल्यामुळे एक असाइनमेंट राहिली. आता सर्टिफिकेट मिळेल का? आणि मैत्रिणीचा कोड थोडा बदलून दिला तर चालेल?
— एक विद्यार्थिनी, पाचोरा

उत्तर : एका असाइनमेंटने काही अडत नाही. ८ आठवड्यांच्या कोर्सला साधारणपणे सर्वांत चांगल्या ६ धरतात. बहुतेक कोर्सना त्यांचे २५ गुण, परीक्षेचे ७५. तिथे पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही हवेत. इकडची कसर तिकडे भरून निघत नाही. पुढच्या असाइनमेंट मात्र मुदतीच्या दोन दिवस आधीच टाका. भारनियमनाचं कारण पोर्टल ऐकून घेत नाही.

कोडचं म्हणाल, तर नाही. व्हेरिएबलचं नाव ‘टोटल’चं ‘सम’ केलं तरी लूप तोच राहतो, आणि नक्कल पकडणारी सॉफ्टवेअर नावांपेक्षा रचना बघतात. चर्चा खुशाल करा, कोड स्वतः लिहा. चॅटबॉटलाही हेच लागू. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते, तिथे ना मैत्रीण ना मोबाईल.

शिकणं फुकट, परीक्षेची फी वेगळी. क्रेडिट हवे असतील तर फी भरण्याआधी कॉलेजच्या समन्वयकांना विचारा.