पुळणीवरच्या वाडीसाठी मर्यादवेल

स्ट्रॉबेरी म्हटले की आपल्याला महाबळेश्वर आठवते. तिची जंगली जात मात्र हिमालयाच्या थंड उतारांवर आपोआप वाढते, आणि थंड देशांत ती बागेतील उघडी जमीन झाकण्यासाठी मुद्दाम लावली जाते. तिचे धावते खोड जमिनीवरून सरकते, ठिकठिकाणी मुळे धरते आणि थोड्याच काळात माती दिसेनाशी होते. तारापूर, चिंचणीच्या बागायतदाराला असे आच्छादन हवेसे वाटणे साहजिक आहे. परंतु आपल्याकडील दमट उकाडा व खारा वारा या रोपाला मानवणार नाही. त्याच्या मागे लागण्याचे कारणही नाही, कारण हेच काम करणारी वेल आपल्या पुळणीवर पूर्वीपासून आहे.

ती म्हणजे मर्यादवेल. आपट्यासारखे दुभंगलेले जाड पान, जांभळट गुलाबी फूल आणि तोडल्यावर निघणारा पांढरा चीक यावरून ती ओळखता येते. वेल पाच-दहा मीटर सहज धावते व पेरापेरावर मुळे सोडते. मुख्य मूळ वाळूत खोल जाते. त्यामुळे खारे तुषार, तापलेली वाळू आणि पाण्याचा ताण ती सोसते. वाऱ्याने उडणारी वाळू तिच्या पानांशी अडते व हळूहळू उंचवटा तयार होतो. वेल गाडली गेली तरी वर फुटून येते. पुळणीचा हा उंचवटा म्हणजे मागच्या नारळाच्या वाडीची पहिली भिंत होय. सफाईच्या नावाखाली वेल ओरबाडली की वाळू वाडीत येऊ लागते, आणि पावसाळ्यातील उधाणाला अडवणारे काही उरत नाही.

येथे एक सूचना करावीशी वाटते. रोपवाटिकेत पिवळ्या फुलांचे वेडेलिया स्वस्तात मिळते व पाहता पाहता पसरते, म्हणून बंगल्यांच्या आणि कारखान्यांच्या आवारांत ते सर्रास दिसते. ही वनस्पती उष्ण कटिबंधातील अमेरिकेतून आलेली असून जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परकीय जातींच्या यादीत तिचे नाव आहे. ओलाव्याच्या जागी शिरली की ती काढणे कठीण जाते. वाडीत ती आणू नये. मर्यादवेल ही बेशरमच्या कुळातील असल्याने तीही डोईजड होईल, अशी शंका काहींना येईल. पण बेशरम परदेशी आहे, आणि मर्यादवेल सावलीत व चिकण मातीत जोर धरत नाही. भात खाचरात ती शिरण्याची भीती नाही.

लागवड पाऊस स्थिरावल्यावर, जूनअखेर ते जुलैमध्ये करावी. दीड फूट लांबीच्या, तीन-चार पेरांच्या छाटण्या घ्याव्यात. निदान दोन पेरे वाळूत राहतील अशा बेताने त्या तिरप्या पुराव्यात. दोन छाटण्यांत सुमारे एक मीटर अंतर ठेवावे. खत देण्याची गरज नाही. छाटण्या आपल्या आवारातील वेलीच्या टोकांच्याच घ्याव्यात. पुळणीवरील वेल उपटून आणू नये, कारण मग एक जागा झाकण्यासाठी दुसरी उघडी पडते. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या अति संवेदनशील वर्गात घातलेल्या आहेत, हेही लक्षात असू द्यावे. छाटणी मिळत नसेल तर बी वापरावे. बियांचे कवच टणक असते, म्हणूनच ते समुद्रावर तरंगत दूरवर जाते. कवच एका बाजूने कानशीने किंचित घासून बी रात्रभर पाण्यात भिजवावे, म्हणजे उगवण चांगली होते.

मर्यादवेल सर्व ठिकाणी चालत नाही. चिकूच्या दाट सावलीत किंवा सुरूच्या पडलेल्या काड्यांखाली ती लावून उपयोग नाही. नारळाच्या आळ्यात ती येऊ देऊ नये. बुंध्यापासून दोन मीटर मोकळे ठेवावे व आत येणारी टोके दर महिन्याला छाटावीत. लहान रोपांवर ती चढते, तेव्हा नव्या लागवडीत विशेष लक्ष द्यावे. रताळी घेणाऱ्यांनी तर ती लांबच ठेवावी. रताळे तिच्याच कुळातील आहे, आणि रताळ्यावरील सोंड्या भुंगा या वेलीवरही जगतो. जनावरांना चारा म्हणून ती घालू नये.

घराच्या अंगणात, जेथे मुले खेळतात व रोज पाय पडतात, तेथे मर्यादवेलीऐवजी जलपिंपळी बरी. तीही देशी असून जमिनीलगत वाढते व पायाखाली तग धरते. तिच्या बारीक फुलांवर मधमाश्या येतात. मात्र तिला ओल लागते. मोरीच्या पाण्याच्या वाटेवर मुळांसह तुकडे वीतभर अंतराने लावले की पुरे.

मर्यादवेल तुडवली की तुटते. म्हणून समुद्राकडे जाण्यासाठी एकच पायवाट आखून घ्यावी, आणि तीही वाऱ्याच्या दिशेशी थोडी तिरपी असावी. सरळ वाटेतून वाळू सरळ वाडीत येते. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, ज्या छाटण्यांनी मुळे धरली नसतील त्या सुकलेल्या दिसतील. त्या जागा लक्षात ठेवून पुढच्या पावसात भराव्यात.