लेणी पाहण्याचा अभ्यास : पाताळेश्वर ते कार्ले

प्रवासाला निघणाऱ्या माणसाला बहुधा दोन प्रश्न पडतात. कुठे जावे आणि कसे जावे. तिथे पोचल्यावर पाहावे कसे, हा तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. त्यामुळे शेकडो मैल प्रवास करून आलेला मनुष्य अर्ध्या तासात 'पाहून झाले' म्हणतो आणि चहाच्या टपरीकडे वळतो. मी इतिहास विषय घेतल्यापासून गेली तीन वर्षे पुण्याच्या आसपासची लेणी पुनःपुन्हा पाहत आलो आहे. त्या पाहण्यातून जी थोडी शिस्त अंगी आली, ती विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावी एवढाच या लेखाचा हेतू आहे. ही शिस्त मावळात शिकता येते, आणि पुढे दिल्लीला, हंपीला किंवा परदेशी गेलात तरी उपयोगी पडते.

आरंभ शहरातूनच करावा

बाहेरगावाहून पुण्यात शिकायला येणारा विद्यार्थी प्रथम शनिवारवाडा पाहतो, आणि बरेचदा निराश होतो. वाडा म्हणून गेलेल्या माणसाला तट, बुरूज, दिल्ली दरवाजा, कारंज्यांचे हौद आणि जोती एवढेच दिसते. पहिल्या बाजीरावाने १७३० साली पाया घातला, १७३२ साली वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्या. ही आग कित्येक दिवस धुमसत होती. म्हणजे जो वाडा आपण पाहायला जातो तो शंभर वर्षेही पुरता टिकला नाही. लाकूड जळाले, दगड राहिला. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवून तिथून निघावे.

नदी ओलांडून पंधरा-वीस मिनिटे चालले की जंगली महाराज रस्त्यावर, महाराजांच्या समाधिमंदिराशेजारी पाताळेश्वराचे लेणे आहे. जुन्या पुस्तकांत याला भांबुर्ड्याचे लेणे म्हटलेले आढळते, कारण आजच्या शिवाजीनगरच्या जागी भांबुर्डे नावाचे गाव होते. रस्त्यावरून बस, रिक्षा, दुचाक्या यांचा अखंड ओघ चाललेला असतो आणि त्या ओघापासून काही पावलांवर, जमिनीच्या पातळीखाली, आठव्या शतकाच्या सुमाराचे शिवमंदिर आहे. ते राष्ट्रकूटकालीन मानतात. त्याच राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णराजाशी वेरूळच्या कैलास लेण्याचे नाव जोडले जाते, आणि त्याच्याच काळातल्या ताम्रपटांत पुणे प्रदेशाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख सापडतो.

पाताळेश्वराचे खरे महत्त्व विद्यार्थ्याच्या दृष्टीने वेगळेच आहे. हे लेणे अपुरे आहे. खांब चौकोनी, जाडजूड आणि जवळजवळ बिननक्षीचे. भिंतींवर काम सुरू करून सोडून दिल्याच्या खुणा. अंगणात गोल नंदीमंडप, त्याचे छत्रीसारखे प्रचंड छप्पर आणि खालचे खांब, सर्व एकाच कातळातले. पूर्ण झालेल्या शिल्पात कारागीर दिसत नाही, अपुऱ्या शिल्पात तो दिसतो. छिन्नीचे घाव कोणत्या दिशेने पडले, प्रथम ठोकळा कसा सोडवला, मग त्याला खांबाचे रूप कसे दिले, हे इथे हाताच्या अंतरावर पाहता येते. इमारत खालून वर चढते. लेणे मात्र वरून खाली उतरते. छत आधी, जमीन शेवटी. चुकीला दुरुस्ती नाही, कारण काढलेला दगड परत लावता येत नाही. हे एकदा डोळ्यांत बसले की पुढची सगळी लेणी वेगळी दिसू लागतात.

मावळातली तीन चैत्यगृहे

आता लोणावळ्याची लोकल पकडावी. भाजे, बेडसे आणि कार्ले ही तीन ठिकाणे एकमेकांपासून फार दूर नाहीत. ती इथेच का, याचे उत्तर नकाशात आहे. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतून येणारा माल घाट चढून जुन्नर, पैठण, तेर या पेठांकडे जाई. घाटमाथ्याच्या या वाटेवर व्यापाऱ्यांचा राबता होता, भिक्षूंना पावसाळ्यात राहण्याला जागा हवी होती आणि सह्याद्रीचा काळा कातळ एकसंध होता. दान देणारा, राहणारा आणि दगड, तिघांची गाठ इथे पडली.

तिन्ही चैत्यगृहे काळाच्या क्रमाने पाहावीत असा माझा आग्रह आहे. प्रथम भाजे, मग बेडसे, शेवटी कार्ले. कार्ले आधी पाहिले तर भाजे फिके वाटते आणि त्याचा धडा हातचा जातो.

भाजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. मळवली स्टेशनवर उतरून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव लागते. चैत्यगृहाचे अष्टकोनी खांब नीट पाहावेत. ते आतल्या बाजूला झुकलेले आहेत. नुसत्या डोळ्यांना भरवसा वाटत नाही म्हणून मी दोऱ्याला खडा बांधून गवंड्याच्या ओळंब्यासारखा तो खांबापासून हातभर दूर धरला. झुकाव लगेच ध्यानात येतो. दगडाला झुकण्याची काही गरज नव्हती. लाकडी घरात छपराचा भार खांबांना बाहेर रेटतो, म्हणून सुतार ते आत कलते रोवतो. भाज्याच्या कारागिरापुढे लाकडी चैत्य होते. त्याने ते जसेच्या तसे दगडात उतरवले, झुकावासकट. वर छताला लाकडी कमानी आहेत. त्यांतल्या काहींवर ब्राह्मी अक्षरे सापडली आहेत, त्यावरून त्या मूळच्याच आहेत हे ठरले. शनिवारवाड्याचे लाकूड शंभर वर्षांत गेले. हे दोन हजार वर्षे राहिले.

चैत्यगृहापासून पुढे चौदा स्तूपांचा समूह आहे. तिथल्या थेरांची नावे स्तूपांवर कोरलेली आहेत. टोकाच्या विहारात रथात बसलेला सूर्य आणि हत्तीवर आरूढ इंद्र म्हणून ओळखली जाणारी दोन शिल्पे आहेत. ती नक्की कोणाची, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. ते आधी वाचून गेल्यास पाहण्याला धार येते.

बेडसे कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्याने गाठावे लागते. तिथे गर्दी कमी. व्हरांड्यातले उंच खांब, त्यांवर उपडी घंटा आणि तिच्यावर बसलेली जनावरे व त्यांचे स्वार, हे पाहताना कळते की कारागिराने आता सुताराचे बोट सोडले आहे. शेजारचा विहारही गजपृष्ठाकार आहे. विहार बहुधा चौकोनी असतात, म्हणून हा विशेष. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाने दिलेल्या दानाचा लेख इथे आहे. या लेण्यावर जुन्या रंगकामाचे अवशेष होते. एकोणिसाव्या शतकात बड्या अधिकाऱ्यांसाठी लेणे स्वच्छ करण्याच्या उत्साहात ते खरवडले गेले, अशी हकीकत सांगतात. प्राचीन वास्तूचा नाश नेहमी शत्रूच करतो असे नाही.

आणि मग कार्ले. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तितकेच उंच असे हे चैत्यगृह. दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा नक्षीदार खांब, स्तूपामागे सात साधे अष्टकोनी. खांब सरळ उभे, तळाशी कुंभ, माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर जोडपी. दोन शतकांत दगडाने स्वतःची भाषा कमावली. स्तूपावरची लाकडी छत्री आणि छताच्या लाकडी कमानी अजून आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने इथल्या लेखात हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे नमूद केले आहे, आणि आत उभे राहिल्यावर त्याला आत्मप्रौढी म्हणवत नाही. काही खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले आहेत.

समोरच एकवीरेचे देऊळ. माझी आजी कितीदा तरी दर्शनाला आली होती, पण शेजारच्या दगडी दारातून आत कधी गेली नव्हती. मागच्या वर्षी तिला हात धरून आत नेले. स्तूपासमोर ती जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "एवढं मोठं करून ठेवलं, आणि मूर्ती नाही ती?" प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. मूळ चैत्यात बुद्धाची मूर्ती नव्हतीच, पूजा स्तूपाची होती. दर्शनी भिंतीवरच्या बुद्धमूर्ती काही शतकांनंतर कोरल्या गेल्या. पुस्तकात हे पान दोन पानांत येते. आजीला ते एका नजरेत दिसले.

काही व्यवहाराच्या सूचना

(१) उजेड पाहून वेळ ठरवावी. बेडसे पूर्वाभिमुख आहे, तिथे सकाळी जावे. भाजे आणि कार्ले पश्चिमेकडे तोंड करून आहेत. दुपारनंतर ऊन आत शिरते तेव्हा त्यांचे रूप उघडते. म्हणून एका दिवशी बेडसे आणि दुसऱ्या दिवशी भाजे-कार्ले असा बेत उत्तम.

(२) ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात डोंगर देखणा असतो, पण पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि गर्दी धबधब्यासाठी असते. चैत्री यात्रा आणि नवरात्र या दिवसांत कार्ल्याला अभ्यासासाठी जाऊ नये.

(३) मळवलीला उतरल्याबरोबर परतीच्या लोकलच्या वेळा विचारून घ्याव्यात. दोन गाड्यांमध्ये कधी कधी बराच वेळ जातो.

(४) पाणी, टोपी, खरबरीत तळाचे बूट, लहान बॅटरी, वही आणि पेन्सिल बरोबर असावी. फोटो शंभर काढले तरी एक खांब वहीत काढून पाहावा. हात चालला की डोळा चालतो.

(५) कड्यांना आग्या माश्यांची पोळी असू शकतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा टाळावा.

(६) प्रथम बाहेर उभे राहून सगळा दर्शनी भाग पाहावा, मग आत जाऊन डोळे अंधाराला सरावू द्यावेत, आणि शेवटी बारीक तपशील पाहावेत. हा क्रम कुठल्याही वास्तूला लागू पडतो.

दोन अक्षरे

लेख वाचता येत नाहीत म्हणून पुष्कळजण त्यांच्याकडे पाहतही नाहीत. त्यांच्यासाठी एक युक्ती. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली सांचीच्या कठड्यांवरील छोट्या लेखांचे ठसे तपासले. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे आणि पुढे एक टिंब. त्याने तर्क केला की ही दानांची नोंद असावी आणि शब्द 'दानं' असावा. तर्क खरा ठरला आणि ब्राह्मी लिपीचे कुलूप उघडले. ब्राह्मी 'न' म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ. एवढे ओळखता आले तरी कार्ल्याच्या खांबांवर 'दानं' हुडकता येते. या लेखांच्या प्राकृतात 'लेण' हा शब्द येतो. तोच आपण आजही बोलतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाशी आपला शब्द जुळतो, याहून मोठे आश्चर्य मला ठाऊक नाही.

पण त्याच भिंतींवर दुसरीही नावे आहेत. खडूने, खिळ्याने, किल्लीने खरडलेली, बदामाच्या चित्रासह. नाव कोरण्याची हौस जुनी आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानेही रंगवलेल्या खांबावर आपले नाव आणि तारीख खरडली. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तथापि मला कायद्याची भीती घालायची नाही. धेनुकाकटच्या यवनाचे नाव खांबावर आहे, कारण तो खांब त्याने दिला. आपण त्या खांबाला काय दिले, असा प्रश्न खिशातली किल्ली काढण्यापूर्वी स्वतःला विचारावा.

फ्रान्समधल्या लास्को गुहेतली आदिमानवाची चित्रे १९४० साली सापडली आणि १९६३ साली ती गुहा लोकांसाठी बंद करावी लागली, कारण येणाऱ्यांच्या श्वासानेच चित्रे बिघडू लागली होती. भाज्याच्या कमानींचे लाकूड अजून तिथे आहे आणि आपल्याला आत जाता येते. ही सवलत कायमची आहे असे समजू नये.

पुढच्या वर्षी दूरची सहल ठरवणाऱ्या मित्रांना माझी विनंती एवढीच, की त्याआधी एक रविवार पाताळेश्वराला द्यावा. तिकीट लागत नाही. वही मात्र बरोबर न्यावी.