मुलांच्या आहारात जस्त आणि लोह: बियाण्यापासून ताटापर्यंत

निवड व संकर करून दाण्यातच खनिजे वाढवलेल्या वाणांना जैवसमृद्ध वाण म्हणतात. कुणकेश्वर परिसरात घरची भातशेती असेल, तर पुढील क्रमाने जावे.

१. मे महिन्यातच बियाणे ठरवा. हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेचा ‘डीआरआर धान ४९’ महाराष्ट्रासाठी शिफारस केलेला आहे. त्याच्या पॉलिश केलेल्या तांदळातही किलोला सुमारे २५ मिलिग्रॅम जस्त असते. नेहमीच्या वाणांत १२ ते १६. उपलब्धतेची चौकशी किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात करावी. वाण सरळ असल्याने पुढच्या वर्षीचे बियाणे आपल्याला घरीच राखता येते.

२. पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठेच करा, पण तरवा, लावणी, झोडणी, साठवण सगळे वेगळे ठेवा. माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे. खळ्यावर दोन भात मिसळले की कोणत्या पोत्यातला तांदूळ मुलांसाठी, हे कुणालाच सांगता येत नाही. कणगीवर वाणाचे नाव लिहून ठेवावे.

३. गिरणीत तांदूळ फार पांढरा करून घेऊ नका. कोंड्याबरोबर खनिजेही जातात. उकडा करून पेज केली तर उत्तमच. वेळून काढलेले पाणी मात्र टाकू नये.

४. या तांदळाने जस्त वाढते. लोहासाठी बाजरी आणावी लागेल. आपल्या पावसात ती नीट येत नाही, म्हणून ‘धनशक्ती’ वाणाची विकत घ्यावी. इक्रिसॅट ही पीक संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या या वाणात किलोला सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह आहे. महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांना अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी रोज दोन वेळा दिली, तेव्हा चार महिन्यांत त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा वाढल्याचे २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पीठ लवकर कडवट होते, आठवड्यापुरतेच दळावे.

५. धान्यातील फायटिक आम्ल खनिजे अडवून ठेवते. नाचणी रात्रभर भिजवून, मोड आणून, सुकवून दळल्यास ते कमी होते. भाकरीसोबत लिंबू किंवा आवळा द्यावा, सुकटीची चटणी द्यावी. जेवणालगत चहा नको.

६. रेशनच्या तांदळात थोडे वेगळे दिसणारे दाणे आढळले, तर ते लोह मिसळलेले असू शकतात. ते प्लास्टिक समजून निवडून टाकू नका.

७. मूल फिकट, थकलेले वाटल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. लोहाचे औषध आणि जंताची गोळी दिली असेल, तर नवा तांदूळ घरात आला म्हणून ती बंद करू नये.