भाड्याने देण्यासाठी पहिला फ्लॅट

प्रश्न : मी मुंबईत नोकरी करतो. रत्नागिरीत एखादा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा, असं मनात आहे. घरचे म्हणतात, भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक

उत्तर : कुळकायद्यात गेलेल्या जमिनींच्या आठवणी कोकणात अजून ताज्या आहेत, त्यापायी चांगली घरंही कुलूपबंद राहतात. पण भाडेकरूची धास्ती नीट कागद केला की बरीच कमी होते. जागाच चुकली, तर कागदाचा काही उपयोग नाही.

म्हणून आधी भाडेकरू कोण, ते ठरवा. बदलीवर आलेले सरकारी आणि बँकेतले कर्मचारी, मिरजोळे एमआयडीसीतले कामगार, गोगटे-जोगळेकर आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी यांना वर्षभर घर लागतं. मारुती मंदिर, माळनाका, साळवी स्टॉप हा पट्टा त्यांच्या सोयीचा. समुद्र दिसतो म्हणून जास्त पैसे मोजू नका. रोज कामावर जाणारा त्यासाठी जादा भाडं देईलच असं नाही.

फ्लॅट भर जुलैत पाहा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावा, कपाटामागची ओल बघा, गच्चीवर पत्रा आहे का ते विचारा. मे महिन्यात नळाला पाणी किती येतं, हे शेजाऱ्यांकडून काढा.

कागदांत बिगरशेती आदेश, भोगवटा प्रमाणपत्र आणि वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट हवाच. नवी इमारत असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प तपासा.

भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्स करार करा आणि तो नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्या.

आता हिशेब. समजा, फ्लॅट ३० लाखांचा आणि भाडं महिना ९ हजार. एखादा महिना रिकामा गेला, घरपट्टी, सोसायटीचा खर्च, डागडुजी वजा केली, की वर्षाला ८० हजारांच्या आसपास उरतात. २० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं, तर हप्ता महिना १७ हजारांवर जातो, म्हणजे वर्षाला दोन लाखांहून जास्त. हा हप्ता भाड्यातून फिटणार नाही. तो पगारातून झेपत असेल तरच व्यवहार करा. नाहीतर आणखी दोन वर्षं पुंजी साठवा.