एका दाराला दोन पहारेकरी

एका कुलपापेक्षा दोन कुलपे बरी, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग संगणकावर एक अँटीव्हायरस असताना दुसरा घातला, तर संरक्षण दुप्पट होईल असे वाटणे साहजिकच आहे. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांना असेच वाटले. त्यांच्या शाळेतील संगणकांवर विकत घेतलेला एक अँटीव्हायरस होता. त्यांनी मोफत मिळणारा आणखी एक त्यावर चढवला. दुसऱ्या दिवसापासून यंत्रे सुरू व्हायला इतका वेळ लागू लागला, की तासाची पहिली दहा मिनिटे मुले नुसती पडद्याकडे पाहत बसत. आठवड्याभरात एका अँटीव्हायरसने दुसऱ्याचीच एक फाइल संशयित म्हणून कोंडून ठेवली!

असे का झाले? ते समजण्यासाठी अँटीव्हायरस काय करतो ते पाहू.

त्याची कामे दोन. पहिले पहारेकऱ्याचे. तुम्ही कोणतीही फाइल उघडा, ती उघडण्यापूर्वी हा पहारेकरी मध्ये पडतो, फाइल वाचतो आणि ठीक असेल तरच पुढे जाऊ देतो. दुसरे काम झडतीचे. तुम्ही सांगाल तेव्हा तो सगळी डिस्क धुंडाळतो आणि काम संपले की स्वस्थ बसतो.

आता एकाच दारावर दोन पहारेकरी उभे करा. तुम्ही निबंधाची फाइल उघडलीत. पहिल्याने ती अडवली आणि तपासण्यासाठी स्वतः उघडली. पण हेही ‘फाइल उघडणे’च झाले! म्हणून दुसऱ्याने ती अडवली आणि तपासायला घेतली. ते पाहून पहिला पुन्हा सावध झाला. हा खेळ अखंड चालू नये म्हणून आज्ञावली लिहिणारे काळजी घेतात हे खरे. तरी प्रत्येक फाइलमागे वेळ जातोच, आणि कधी कधी दोघे एकमेकांची वाट पाहत राहून यंत्र गोठते. शिवाय व्हायरस ओळखण्यासाठी त्यांच्या खुणा प्रत्येकाजवळ साठवलेल्या असतात. एकाच्या खुणांची वही दुसऱ्याला खऱ्या व्हायरसांचे पोतेच वाटू शकते.

तुम्ही म्हणाल, ‘मग एकच, पण अचूक अँटीव्हायरस का बनवत नाहीत?’ याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. १९८३ साली फ्रेड कोहेन या अमेरिकन विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढत पसरणारी आज्ञावली प्रयोग म्हणून लिहून दाखवली. तिला ‘व्हायरस’ हे नाव सुचवले त्याचे प्राध्यापक लिओनार्ड एडलमन यांनी. पुढच्याच वर्षी आपल्या निबंधात कोहेनने असा युक्तिवाद मांडला: समजा, कधीही न चुकणारा एक परीक्षक आहे. आता मी एक आज्ञावली लिहितो. ती सुरू होताच परीक्षकाला विचारते, ‘मी व्हायरस आहे का?’ उत्तर ‘हो’ आले तर ती काहीच करत नाही. ‘नाही’ आले तर ती पसरू लागते. म्हणजे परीक्षक ‘हो’ म्हणाला तरी चुकला आणि ‘नाही’ म्हणाला तरी चुकला. तेव्हा असा परीक्षक असूच शकत नाही. तर्कशास्त्रात रस असलेल्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

प्रत्येक अँटीव्हायरस कुठेतरी चुकणारच, तर दोघे मिळून कमी चुकतील ना? थोडे गणित करू. समजा, शंभर नव्या व्हायरसांपैकी प्रत्येक अँटीव्हायरसच्या हातून ५ निसटतात. दोघांच्या चुका एकमेकांपासून अगदी स्वतंत्र असतील, तर दोघांच्याही हातून निसटण्याची संभाव्यता ५/१०० × ५/१००, म्हणजे ४०० त १ एवढीच. उत्तर झकास आहे, पण त्यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द खोटा आहे. या कंपन्या सापडलेल्या व्हायरसांचे नमुने एकमेकींना देतात. काही तर दुसऱ्या कंपनीचे तपासणी-यंत्रच विकत घेऊन आपल्या नावाने वापरतात. जो व्हायरस एकाला नवा, तो बहुधा दुसऱ्यालाही नवा. निसटलेल्या पाचांपैकी चार समान असतील, तर दोघे मिळून शंभरात ४ सोडतात. वाढ किती झाली? एकाची!

खोट्या हाकाटीचे मात्र उलट असते. डिस्कवर दोन लाख फाइली आहेत आणि लाखात एक चांगली फाइल चुकून चोर ठरते असे धरले, तर एका अँटीव्हायरसचे बळी २, दोघांचे मिळून ४ पर्यंत. हा धोका लहान समजू नका. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका सदोष सुधारणेने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि जगभर असंख्य संगणक बंद पडले.

मग करावे काय? पहारेकरी एकच ठेवा. विंडोज ८ पासून (२०१२) मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर विंडोजबरोबरच येतो आणि घरच्या वापराला तो पुरेसा आहे, असे माझे मत आहे. दुसरा अँटीव्हायरस घातलात तर तो सहसा आपण होऊन बाजूला सरतो. नव्या संगणकाबरोबर काही दिवसांसाठी आलेला फुकट अँटीव्हायरस मुदत संपूनही तसाच बसलेला असतो. तो आधी काढा. निवड करायची असेल तर जर्मनीतील एव्ही-टेस्ट किंवा ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज यांचे निकाल पाहा, पण किती पकडले एवढेच न पाहता खोट्या हाका किती मारल्या तेही वाचा.

संशय आला तर मात्र दुसऱ्या वैद्याचे मत जरूर घ्या. पहारा न करता नुसती झडती घेणाऱ्या आज्ञावल्या मिळतात. त्या महिन्यातून एकदा चालवल्या तर भांडण होत नाही. त्याहून मोठा लाभ सुधारणा वेळेवर घेण्यात आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला, तेव्हा त्याने वापरलेले भगदाड बुजवणारी सुधारणा मार्चमध्येच निघालेली होती! विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, हेही ध्यानात असू द्या. आणि प्रकल्पाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क सुटी करून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस तिलाही सोडत नाही.

तुमचा पहारेकरी जागा आहे का, हे पाहायचे आहे? त्यासाठी आयकार नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ तज्ज्ञांनी ठरवून दिली आहे. शिक्षकांच्या देखत ती एका कोऱ्या मजकूर-फाइलीत उतरवून साठवा. पहारेकरी जागा असेल तर ती फाइल लगेच उचलली जाईल. आमच्या त्या शिक्षकांनी दुसरा अँटीव्हायरस काढल्यावर हाच प्रयोग सर्व संगणकांवर केला. एकावर ओळ तशीच राहिली. पाहतात तो तेथील अँटीव्हायरसची मुदत केव्हाच संपलेली होती.